पेरूला जावे, पेरणीला परतावे

एकादशीची साबुदाण्याची खिचडी ताटात आली की तिच्याकडे एकदा नीट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, खिचडीतले दाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची, हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडांतले. शेजारी रताळ्याचा कीस असेल तर तोही तिकडचाच. पाचशे-सव्वापाचशे वर्षांपूर्वी आपल्या चुलीवर यांतले काहीच शिजत नव्हते. पोर्तुगीजांची गलबते आली आणि त्यांच्याबरोबर ही पिके आली. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण त्यांच्याकडूनच उचलला.

या बटाट्याचे माहेर आहे दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात आणि त्याला लागून असलेल्या बोलिव्हियात. पेरू म्हटले की आपल्याला आधी फळ आठवते. हा देश मात्र आपल्या महाराष्ट्राच्या चौपट मोठा आणि वस्तीने साधारण साडेतीन कोटींचा. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, मधून उभा आडवा पसरलेला अँडीज पर्वत आणि पूर्वेला अ‍ॅमेझॉनचे घनदाट जंगल, अशा तीन पट्ट्यांत तो विभागला आहे.

परदेशी शेती पाहायला जायचे म्हणजे इस्रायल किंवा हॉलंड, असे आजवर ठरून गेले होते. अलीकडे द्राक्ष बागाईतदारांच्या बोलण्यात पेरूचेही नाव येऊ लागले आहे. कारण उघड आहे. युरोपच्या बाजारात त्यांची द्राक्षे आपल्या आधी जाऊन बसतात आणि भावाचा खेळ तिथेच सुरू होतो. हा प्रतिस्पर्धी आहे तरी कसा, हे पाहावेसे वाटणे साहजिक आहे. पण एवढ्या लांब जाऊन नुसत्या बागा पाहून, माचू पिचूसमोर फोटो काढून परत येणे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवच पाहून येण्यासारखे आहे. पेरूत पाणी उपसणारा शेतकरी किनाऱ्यावर आहे आणि पाणी मुरवणारा शेतकरी डोंगरात आहे. दोघांच्याही बांधावर उभे राहता येईल असा बेत आखला, तरच हा खर्च अंगी लागेल. तो बेत कसा आखावा ते आता पाहू.

जायचे केव्हा?

पेरू विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलट. डोंगरात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस असतो आणि मे ते सप्टेंबर कोरडे, उन्हाचे पण थंडीचे दिवस असतात. जून ते सप्टेंबर हे आपले खरिपाचे महिने. त्या वेळी घर सोडून जाता येत नाही. उरतो तो मे महिना, आणि योग असा की तोच उत्तम. पाऊस नुकताच संपलेला, डोंगर अजून हिरवे आणि बटाट्याची काढणी चालू. इकडे आपला रब्बीचा माल घरात आलेला, मुलांना सुट्टी आणि द्राक्षाची खरड छाटणी उरकलेली. बागेतली शेंडा खुडणी आणि विरळणी तेवढी घरच्या कोणावर तरी सोपवून जावी लागेल.

५ मेच्या सुमारास निघावे आणि २५ मेच्या आत घरी यावे. मृग लागायला मग दहा-बारा दिवस हाताशी राहतात. बियाणे, खते आणि औतांची डागडुजी यांना तेवढे पुरतात.

जायचे कोणी?

अभ्यास दौरे बहुधा पुरुषांचे असतात. पेरूच्या बाबतीत तसे करू नये. तिकडच्या डोंगरात बियाण्याची निवड आणि साठवण पुष्कळशी बायकांच्या हाती आहे. कोणता बटाटा बियाण्याला, कोणता वाळवणाला, कोणता आजाऱ्याच्या पेजेला, हे त्या सांगतात. ते विचारायला आणि समजून घ्यायला आपल्याही घरची बाई सोबत हवी. तेव्हा जायचे तर जोडीने जावे. सहा-आठ जोडपी मिळाली तर गाडी आणि दुभाषा यांचा खर्चही वाटून जातो. दोघांचा मिळून खर्च नव्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो. कर्ज काढून करण्याचा हा प्रवास नव्हे. दोन-तीन वर्षे बाजूला टाकत जावे आणि मगच निघावे.

कागदपत्रे आणि लस

मुंबईहून लिमाला, म्हणजे पेरूच्या राजधानीला, थेट विमान नाही. वाटेत युरोपात किंवा अमेरिकेत विमान बदलावे लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून जायचे तर नुसते विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा लागतो. युरोपातल्या ज्या देशात उतरायचे त्याचा नियम तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावा. घरातून निघाल्यापासून लिमाला पोचेपर्यंत दीड-दोन दिवस जातात. तिकडचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झाले की तिथे दुपारचे बारा.

पेरूचाही व्हिसा लागतो. त्यांची वकिलात दिल्लीत आहे. ज्यांच्याजवळ अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपचा शेंगेन व्हिसा पुरेशा मुदतीचा आहे, त्यांना २०१७ पासून त्यातून सूट मिळालेली आहे. हे नियम मधूनमधून बदलतात. म्हणून निघण्याच्या तीन महिने आधी वकिलातीकडूनच खात्री करून घ्यावी.

पिवळ्या तापाची लस विसरू नये. अ‍ॅमेझॉनच्या जंगलपट्टीत हा ताप आहे. आपण जंगलात गेलो नाही तरी पेरूहून परतणाऱ्याकडे भारतात उतरताना लसीचे प्रमाणपत्र मागतात. ते नसले तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. ही लस ठरावीक केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. एकदा टोचली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बाईने आणि अंडे न सोसणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

तिकडचे नाणे सोल. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही. अमेरिकी डॉलर न्यावे आणि लागतील तसे बदलावेत. आजारपणाचा प्रवासी विमा काढताना तो उंचीवरच्या त्रासालाही लागू आहे का, हे वाचून पाहावे.

आधी किनारा : पाणी उपसणारी शेती

लिमा शहर समुद्रकाठी आहे, पण पाऊस जवळजवळ नाहीच. समुद्रात हम्बोल्ट नावाचा थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यामुळे धुके येते, ढग येतात, पण पाऊस पडत नाही. सगळा किनारा वाळवंट आहे. अँडीजवरून उतरणाऱ्या नद्यांच्या काठी तेवढी हिरवी पट्टी दिसते.

लिमात एक दिवस प्रवासाचा शीण काढावा. याच शहरात १९७१ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. तिथे बटाट्याचे आणि रताळ्याचे हजारो वाण जपून ठेवलेले आहेत. आधी पत्र पाठवून परवानगी मागावी. न कळवता गेल्यास दार उघडेलच असे नाही. याच केंद्राची शाखा आग्र्याजवळ काढायला आपल्या केंद्र सरकारने २०२५ साली मंजुरी दिली आहे.

लिमाहून दक्षिणेला मोटारीने निघाले की चार तासांवर पाराकास हे बंदर लागते. तिथून होडीने बायेस्तास बेटांकडे नेतात. बेटावर पाय ठेवू देत नाहीत, होडीतूनच पाहायचे. खडक पांढरे दिसतात ते चुन्याने नव्हे, लाखो समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने. हेच ते ‘ग्वानो’ खत. पाऊस नसल्याने ते धुऊन जात नाही, थरावर थर साचतात. इंका राजांच्या काळी या पक्ष्यांना मारणाऱ्याला देहदंड होता, असे जुन्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे. पुढे १८४० नंतर युरोपला या खताची चटक लागली. जवळच्या चिंचा बेटांवरचे शे-दीडशे फुटांचे थर चीनमधून आणलेल्या मजुरांकडून खणून काढले गेले आणि चाळीसएक वर्षांत शतकानुशतकांची साठवण संपली. आता पेरूचे सरकार पाळीपाळीने, पक्ष्यांना उसंत देऊन, थोडे थोडे खत काढते. पण पहिला थर गेला तो गेलाच. हे दृश्य डोळ्यांत ठेवून पुढे इकाला जावे.

इका म्हणजे तिकडचे नाशिक म्हणा. वाळवंटात नजर पोचेल तिथवर द्राक्षांचे मांडव, ठिबकाच्या नळ्या, आणि अस्परागस नावाच्या भाजीची शेते. ही भाजी आपल्या शतावरीच्या जातीतली. तिथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो न पडल्यासारखाच, म्हणून करप्याची आपल्याइतकी धास्ती नाही. मे महिन्यात घड नसतात. त्यांची तोडणी नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत असते. मात्र मांडवाची बांधणी, वाणांची निवड, पॅकिंगच्या शेडमधली शिस्त, हे पाहण्यासारखे आहे. मोठ्या कंपन्यांच्या बागा आधी परवानगी घेऊनच पाहाव्यात.

हे पाहून झाले की एक प्रश्न मात्र आवर्जून विचारावा : पाणी किती खोल गेले? खोल विहिरींच्या जोरावर ही बाग उभी राहिली आणि जमिनीतले पाणी वर्षामागून वर्ष खाली जात राहिले. ज्याच्याकडे पैसा, त्याने आणखी खोल खणले. लहान शेतकऱ्याच्या विहिरी आटल्या. अखेर सरकारला नव्या विहिरींवर बंदी घालावी लागली. इकाच्या शिवेवर वाळूच्या टेकड्यांत वाकाचिना नावाचे सुंदर तळे आहे. पूर्वी ते जमिनीतल्या झऱ्यांवर भरत असे. आता त्यात बाहेरून पाणी सोडावे लागते, तेव्हा ते तळे दिसते. बोअरमागून बोअर मारणाऱ्या आपल्या बागाईतदाराने त्या तळ्याच्या काठी थोडा वेळ बसावे. वेगळे व्याख्यान ऐकायची गरज पडणार नाही.

तिथून पुढे दोन-अडीच तासांवर नास्का आहे. जमिनीवर कोरलेल्या प्रचंड आकृत्यांसाठी ते प्रसिद्ध आहे आणि त्या विमानातून दाखवतात. आपण ते पैसे वाचवून कांतायोक येथील भुयारी पाट पाहावेत. जमिनीखालून पाणी वाहते आणि वर ठिकठिकाणी शंखासारखी वळत उतरणारी दगडी तोंडे बांधलेली आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे काम मानतात आणि त्यातले काही पाट आजही शेताला पाणी देतात. मलिक अंबराने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर खेळवली. तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

डोंगर चढण्याआधी

नास्काहून लिमाला परतावे आणि विमानाने कुस्कोला जावे. सव्वा तासाचा प्रवास. पण समुद्रसपाटीवरून एकदम ३,४०० मीटर उंचीवर आपण उतरतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून जास्त. हवा विरळ असते. डोके दुखते, मळमळते, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. धट्टाकट्टा गडीही याला अपवाद नाही. म्हणून दोन गोष्टी करायच्या. पहिली, निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायचे. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्याने तर नक्कीच. दुसरी, कुस्कोत पहिल्या रात्री राहायचेच नाही. विमानतळावरून थेट मोटारीने उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरायचे. ते पाचशे-सहाशे मीटर खाली आहे. तिथे पहिला दिवस नुसता बसून काढावा, पाणी भरपूर प्यावे, जेवण हलके घ्यावे.

तिथे पाहुण्याला कोकाच्या पानांचा चहा देतात. पेरूत तो कायद्याने चालतो, लोक उंचीवर तो पितातच. पण ती पाने पिशवीत घालून आणू नयेत. आपल्याकडे तो अमली पदार्थांचा गुन्हा होतो.

मे महिन्यात दुपारी ऊन असते आणि रात्री कडाक्याची थंडी. स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि एक चांगली शाल हवीच. पायांत नवे बूट घालून जाऊ नये. महिनाभर आधी शेतात वापरून ते मऊ करून घ्यावेत.

खोऱ्यातली शेती : पाणी मुरवणारी, माती धरणारी

या खोऱ्यात चार दिवस काढावेत. कड्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली रचलेल्या दिसतात. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालतात, कोकणात गडगे रचतात. ही त्यांचीच थोरली भावंडे. फरक आहे तो आतल्या रचनेत. तालीच्या मागे तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर काळी माती. ताल आतल्या बाजूला किंचित कललेली. पाऊस कितीही कोसळला तरी पाणी झिरपत खालच्या तालीत उतरते, माती मात्र जागची हलत नाही. दिवसा तापलेले दगड रात्री ऊब देतात, त्यामुळे पिकाला कडाक्याचा त्रास कमी होतो. पिसाक आणि ओयान्तायताम्बो येथे या ताली चढून पाहाव्यात. कुस्कोजवळ तिपोन येथे दगडी पाटांतून आजही पाणी खळखळत असते.

मोराय नावाच्या ठिकाणी जमिनीत थाळ्यासारखे गोल खोलगट खड्डे आहेत आणि त्यांत एकात एक वर्तुळाकार पायऱ्या. वरच्या आणि तळाच्या पायरीवरच्या उष्णतेत बराच फरक पडतो. कोणते पीक किती थंडी सोसते, हे पाहण्याचे इंकांचे हे प्रायोगिक शेत असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

मग माचू पिचू. पंधराव्या शतकात डोंगराच्या खोगिरावर वसवलेले हे नगर. १९११ साली हायरम बिंगहॅम या अमेरिकी अध्यापकाने ते जगापुढे आणले. आसपासच्या शेतकऱ्यांना ते आधीपासून माहीत होते आणि त्याच्या तालींवर त्यांची पिकेही होती. ओयान्तायताम्बोहून आगगाडी आणि पुढे अर्ध्या तासाची बस. रोज किती माणसे सोडायची ते ठरलेले आहे, म्हणून प्रवेशपत्र काही महिने आधी काढावे आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. तिथे देवळे आणि वाडे सगळेच पाहतात. आपण ताली आणि पाण्याचा निचरा पाहावा. मुसळधार पावसाच्या उभ्या डोंगरावर हे नगर पाचशे-साडेपाचशे वर्षे उभे आहे, याचे अर्धे श्रेय जमिनीखाली दडलेल्या दगड-खडीच्या भरावाला आहे.

सुनेला रडवणारा बटाटा

पिसाकच्या वरच्या अंगाला, साडेतीन हजार मीटरच्या पुढे, केचुआ शेतकऱ्यांच्या काही वाड्यांनी मिळून ‘बटाटा उद्यान’ उभे केले आहे. आधी कळवून गेले तर ते शेत दाखवतात, घरचे जेवण घालतात. बटाटे तरी किती प्रकारचे! पांढरे, पिवळे, जांभळे, काळे. काकडीसारखे लांब, बोरासारखे लहान. अँडीजमध्ये मिळून चार हजारांवर देशी वाण आहेत. एका वाणाला इतके डोळे आणि खाचा असतात की सोलता सोलत नाही. त्याचे नाव ‘सुनेला रडवणारा’. नव्या सुनेचा हात किती हलका, हे म्हणे त्यावरून पाहतात. सासू-सुनेची कथा तिथेही आहे म्हणायची!

एका शेतात एकच वाण लावायचा, ही आपली रीत. ते एकाच तुकड्यात अनेक वाण मिसळून लावतात. थंडीने एक गेला तर दुसरा तरतो, रोगाने दुसरा गेला तर तिसरा. आयर्लंडने याच्या उलट केले होते. तिथला गरीब मुख्यतः एका वाणाच्या बटाट्यावर जगत होता. १८४५ मध्ये करपा आला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली.

या उद्यानाची आणखी एक हकिकत आहे. त्यांच्या वाडवडिलांचे अनेक वाण गावातून नाहीसे झाले होते. ते लिमाच्या बटाटा केंद्रात मात्र जपलेले होते. २००४ साली केंद्राशी करार झाला आणि चारशेहून अधिक वाण रोगमुक्त करून शेतकऱ्यांना परत मिळाले. बियाणे शास्त्रज्ञाकडे असावे, पण ते शेतकऱ्याच्या घरीही असावे, ही गोष्ट त्यांनी पक्की धरली आहे. आपल्याकडे सातगाव पठारावरचा शेतकरी बटाट्याचे बियाणे पंजाबातून आणतो. आपल्या देशी ज्वारी-बाजरीचे, वालाचे, भोपळ्याचे किती वाण आजीच्या गाडग्यात होते आणि आज किती उरले, हा हिशेब तिथे उभे राहिल्यावर मनात येतोच.

हवा तापू लागल्याने जुना बटाटा आता पूर्वीपेक्षा वर लावावा लागतो, असे ते सांगतात. पेरूच्या डोंगरावरच्या हिमनद्या १९६२ पासून निम्म्याहून अधिक वितळल्या आहेत. डोंगरालाही माथा असतो. बटाट्याने चढायचे तरी कुठवर?

काम कसे करतात तेही पाहावे. उभ्या चढावर बैल चालत नाही. तिथे पायाने दाबायचा लाकडी नांगर असतो. गडी ओळीने तो रोवतात आणि बायका ढेकळे उलथतात. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी, या पद्धतीला ते ‘आइनी’ म्हणतात. आपली सावड हीच. मात्र आपल्याकडे सावड आणि इर्जिक आठवणीत चालली आहेत, तिकडे ती अजून बांधावर आहेत.

कुस्को आणि तितिकाका

आता शरीर उंचीला सरावलेले असते. कुस्कोत दोन दिवस राहावे. इंकांच्या राजधानीच्या दगडी भिंती, चुना न वापरता जोडलेल्या, आजही शहरात उभ्या आहेत. या मुलखात एके काळी मोठमोठे जमीनदार होते. १९६९ साली जनरल वेलास्को यांच्या सरकारने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि जमीनदारी मोडली. कायदा २४ जूनला झाला. तो दिवस पेरूत शेतकरी दिन म्हणून पाळतात.

कुस्कोहून बसने सहा-सात तासांवर पुनो, तितिकाका सरोवराच्या काठी. ३,८१२ मीटर उंचीवरचे हे गोड्या पाण्याचे प्रचंड सरोवर. लव्हाळ्यांचे थर रचून केलेल्या तरंगत्या बेटांवर उरोस लोक राहतात. ताकिले बेटावर पुरुष टोप्या विणतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सरोवराच्या आसपास जुन्या काळी उंच वाफे करून भोवती चर खणत. चरातले पाणी दिवसा ऊन पिते आणि रात्री ऊब सोडून पिकाला थंडीपासून वाचवते. मोडलेले असे वाफे पुनो भागात १९८० नंतर काही ठिकाणी पुन्हा तयार करण्यात आले.

इथेच बटाट्याचे वाळवण, ‘चुन्यो’, बाजारात मिळते. जून-जुलैच्या गोठवणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. वर्षानुवर्षे टिकते. आपण कुरडया-सांडगे घालतो, ते बटाटा घालतात. दुष्काळाची तरतूद दोघींचीही.

जेवणाचे काय?

बटाटा, मका, किनोआची पेज, घेवडा, चीज आणि भाकरीऐवजी पाव, यांवर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. उरुबाम्बाच्या मक्याचा दाणा वालाएवढा असतो. पण सूप मागवताना विचारावे, त्यात मांस असतेच. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, एवढे दोन शब्द पाठ करावेत. घराच्या स्वयंपाकघरात सशाएवढे गिनीपिग पळताना दिसतील. ते पाळतात ते खाण्यासाठी, तेव्हा दचकू नये आणि नाकही मुरडू नये. ‘चिचा’ ही मक्याची आंबवलेली दारू. माळकऱ्याने जांभळ्या मक्याचे गोड सरबत, ‘चिचा मोरादा’, मागावे. चटणी-लोणचे घरून न्यावे.

एक दिवस डोंगरातल्या पाण्यासाठी

पुनोजवळच्या विमानतळावरून लिमाला परत यावे. बहुतेक प्रवासी इथून बाजारहाट करून घरी निघतात. आपण दोन दिवस राखून ठेवलेले असावेत. लिमाच्या मागच्या डोंगरात सान पेद्रो दे कास्ता आणि वामानतांगा ही तीन हजार मीटरवरची गावे आहेत. पोचायला वळणांचा घाट आहे आणि सोयी साध्या. शरीर उंचीला सरावले आहे म्हणूनच हे शेवटी ठेवायचे.

तिथे ‘आमुना’ पाहावेत. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी दगडी चरांतून डोंगराच्या अंगावर फिरवतात आणि मुरवतात. ते पाणी जमिनीतून सावकाश चालत खालच्या झऱ्यांना येते. वामानतांगाच्या पाण्याचा शास्त्रज्ञांनी माग काढला, तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुरवलेले पाणी सरासरी ४५ दिवसांनी झऱ्यात उतरते, असे त्यात आढळले. म्हणजे पाऊस थांबल्यावरही शेताला ओल मिळते. ही पद्धत इंकांच्याही आधीची, चौदाशे वर्षांची आहे. आपले सलग समतल चर याच घराण्यातले. चर वर्षाला साफ करायचे काम सगळा गाव मिळून करतो. सान पेद्रोत ऑक्टोबरात त्याचा उत्सवच असतो. जो कामाला येत नाही, त्याला पाण्याच्या पाळीत मान नाही.

किनाऱ्यावरचा इका आणि डोंगरातले हे गाव, दोन्ही एकाच देशात, एका दिवसाच्या वाटेवर. एकाकडे ठिबक आहे, भांडवल आहे, बाजार आहे. दुसऱ्याकडे चर आहे आणि गावाची एकी आहे. ठिबक चांगलेच, ते सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण ठिबकाने पाणी वाचते, निर्माण होत नाही. ते वर डोंगरात कोणी तरी मुरवावे लागते.

परतताना

बेतात दोन दिवस मोकळे ठेवावेत. डिसेंबर २०२२ पासूनच्या आंदोलनांत कुस्को-पुनो भागातले रस्ते आणि आगगाड्या बंद पडल्या होत्या आणि २०२३ च्या सुरुवातीला माचू पिचू काही आठवडे बंद होते. अशा वेळी घाई करणारा अडकतो.

बियाणे, बटाटे, रोपे, माती यांतले काहीही पिशवीत घालून आणू नये. परवान्याशिवाय ते आणता येत नाही, आणि त्याबरोबर कोणता रोग येईल याचा नेम नाही. आणायचे ते अल्पाकाच्या लोकरीचे एखादे स्वेटर आणि भरलेली वही. वहीत चराची रुंदी, तालीचा कल, वाणांची मिसळ, वाळवणाची रीत, सगळे मोजमापासह लिहावे. फोटो पाहून शेजारी कौतुक करतो, पण मोजमाप पाहून तो कुदळ उचलतो.

आणि मेअखेर गावी आलात की ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. पहिला पाऊस पडायला आठवडा असतो. डोंगरावरचे बुजलेले चर तेवढ्या वेळात उकरून होतात.